खंडेनवमीचं मशीन

मशीनची पूजा वरवरच करा बायांनो, आमच्या घरच्यासारखी नको.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या सोसायटीत गवत कापायला गेले, तर माझं मशीन चालूच होईना. संध्याकाळी त्याच लॉनवर साखरपुडा हुता. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. पेट्रोल हुतं, प्लगबी पुसून बघितला.

सोसायटीचे मॅनेजर म्हणाले, "ताई, मिस्टरांना बोलवून घ्या."

नवरा जवळच जांबे गावात हुता. फोन केला तसा आला. तवर मी हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं, तर आत हळद, कुंकू, तांदूळ आन् झेंडूच्या पाकळ्या ठासून भरलेल्या.

"ह्ये कुणी केलं?"

"मीच. खंडेनवमीला लोक वरनं कुंकू लावत्यात. तुझं मशीन हाय म्हणून मी झाकण उघडून आतनं पूजा केली."

मी फिल्टर झटकून बसवला आन् दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला चालू झालं.

मॅनेजर खूश होऊन नवऱ्याला म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात."

"माझ्यामुळंच तर बंद पडलं हुतं, साहेब," नवरा छाती फुगवून म्हणाला. "मशीन तिचं हाय. मी फकस्त पुजारी."