नागपूर दीड तासावर

लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर नुसरत तळेगावच्या बसची वाट बघत होती. शेजारी औंढ्याचे कोंडाजी आबा आणि सरुबाई बसले होते. दोघं पहिल्यांदाच विमानानं लेकीकडे नागपूरला निघाले होते.

"आवं, इमान किती येळात पोचवतंय?" सरुबाईनं विचारलं.

"दीड तासात."

"आन् हितनं पुन्याच्या इमानतळावर जायला?"

"तीन तास तरी लागत्याल."

"म्हंजे पुन्यापरीस नागपूर जवळ."

"तसंच म्हन."

"मग मी एवढ्या भाकरी कशाला थापल्या?"

"म्या सांगितलं व्हतं. तू म्हनलीस, लांबचा परवास हाय."

"ऱ्हाऊ द्या. लेक खाईल."

तळेगावची बस लागली. नुसरत उठली नाही.

"एवढं जवळ व्हतं, तर चार वर्सं आपन का न्हाई गेलो वो?"

"लांब वाटायचं."

"म्हागारी कवा यायचंय?"

"सोमवारी."

"मी न्हाई येत. लेकीपाशी म्हैनाभर ऱ्हाते."

"आन् म्हशीची धार कोन काढंल? शेजारी किती दिस बघत्याल?"

"तुमी या म्हागारी. माजी आठवन आली तर परत या तितं. दीड तास तर लागतोय."