टर्बोची शिट्टी

ट्रकच्या कॅबिनमधला आवाज कमी करून दे, असं माझ्या गॅरेजात कुणी म्हटलं की मला अजून गुलाबदादा आठवतो. दादा आणि किसन एकच ट्रक आळीपाळीनं चालवायचे. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी कॅबिनमध्ये इतकी घुसायची की शेजारच्याचं बोलणं समजायचं नाही. हवा ओढणाऱ्या पाइपाचा रबर चिरला होता. मी तो बदलला, कॅबिनमध्ये खाली आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा अंथरला आणि आवाज कमी झाला का ते बघायला त्यांच्यासोबत नरसीच्या रस्त्यानं निघालो.

शिट्टी बंद झाली होती. दादा हळूच म्हणाला, "किसन, जावई माज्या हिराला लई मारून राहिला. तू तर पोरगं चांगलं हाय म्हनला होता."

"मी? कवा?"

"लग्नाआधी, ह्याच गाडीत. तुज्या पुसेगावचं पोरगं, म्हनून तुलाच इचारलं. तू व्हय म्हनला."

किसनचा चेहरा उतरला. "दादा, त्या शिट्टीत मला तुमचं काहीच ऐकू येत नव्हतं. तुमी बोलले की मी नुसतं व्हय म्हनायचो."

"पोरगं पितंय, हे ठाऊक होतं तुला?"

"साऱ्या गावाला ठाऊक होतं. मला वाटलं, तुमी चौकशी करूनच पोरगी दिली."

दादानं गाडी तशीच पुढं पुसेगावला नेली. जावयाच्या दारात तो एवढंच म्हणाला, "पोरीला घेऊन चाललो."

हिरा आमच्यामध्ये येऊन बसली. त्या कॅबिनमध्ये आता कुजबुजसुद्धा ऐकू आली असती, पण घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.