गाडीपाशी कोण बसणार

“मावशी, तुम्ही बाजाराला येता की बैल राखायला?”

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून सोनईच्या बाजारात आमच्या शेजारच्या गाडीपाशी बसलेल्या गोजरबाईंना मी विचारलं. तेवढ्यात त्यांचे यजमान पिशवी भरून परतले.

“ऐकलं का, ही पोरगी काय इचारती? तुमीच सांगा तिला.”

“बैल सोडून कसं जायचं? कुनी नेले म्हंजी?”

“म्हनून तर म्हनते, आज तुमी बसा. मी बांगड्या भरून येते.”

“बांगड्या मी आनतो की.”

“मागं आनल्या, त्या लेकीच्याबी हातात शिरल्या न्हाईत.”

“अगं, मी हितं बसलेलो बघून लोक हसतील.”

“मी इतकी वरसं बसले, तवा कुनी हसलं का?”

“बरं. लवकर ये मग.”

“सगळा बाजार बघून येते. तुमाला रेवड्या आनते.”

गोजरबाई पदर खोचून कासाराकडे निघाल्या. यजमान बैलांना वैरण टाकू लागले.

मी तडक आमच्या गाडीकडे वळले. आई बैलांपाशी बसली होती आणि बाबा पिशवी झटकत निघाले होते.

“बाबा, आज आईला बरोबर न्या. बैलांपाशी मी बसणार आहे, आणि पुढच्या बाजारी तुम्ही.”