पात्यावरचं नाव

नाही नाही, बाबू, खाटेच्या बरोबर वरच पाहिजे — हुक तिथीच सोडला आहे ना, स्लॅब टाकतानी मीच उभी राहून सोडायले लावला — मिस्त्री म्हणे, काकू, खोलीच्या मधात टाकतो, म्हटलं मधात नाही, खिडकीकडं, जिथी खाट येईन तिथी. तू फक्त रॉड लाव न टांग. तो नवा डब्यातला? तो माह्या खोलीतला, तो नंतर. इथी हा जुनाच. हो, माहीत आहे मले, नवा लाईट कमी खाते, दुकानवाल्यानं सांगतलं, रिमोट देते म्हणे, पडल्या पडल्या बटन दाबा — तेच तं नको. पडल्या पडल्या तिच्या हातात काहीच नको. रेग्युलेटर, बटन, सगळं दाराच्या बाहेर घे, माह्या हाताशी. हसून काऊन राहिला? बाहेर म्हटलं तं बाहेर, दुधराम.

कोन म्हणजे? माही मोठी जाऊ, शांतीबाई. देवरीहून येऊन राहिली आज, तिचा पोरगा योगराज दुपारच्या बसनं आणून सोडते. अख्खं मुर्री गाव म्हणून राहिलं, पुष्पांजली किती मोठ्या मनाची, इतकी वर्षं बोलणं नाही न आता म्हातारपणी जावेले घरात घेते. म्हणू दे. मोठं मन कुठचं आलं? नवतपा लागला आहे, वरून स्लॅब तापून राहिला, न या खाटेवर पडणार आहे ती — मले एवढंच पाहिजे. पाना देऊ का तो? हा घे.

हा पंखा माह्या लग्नातला आहे, बाबू. माह्या भावानं दिला, परसरामनं. माहेराहून, चोरखमाऱ्याहून, सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणला — आमच्या मायच्या घरी कवेलूखाली सगळे घामानं भिजत होते, तिथी पंखा नाही, पन बहिणीच्या सासरी पाहिजे. पेंटरकडून पात्यांवर लाल रंगानं लिहून घेतलं — एकावर ‘पुष्पांजलीस’, दुसऱ्यावर ‘भाऊ परसराम’, तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’. आहेर पुकारला तेव्हा भोंग्यावर त्याचं नाव आलं, तं लाजून मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिला. न सासरी आल्यावर डबा कुठं गेला? शांतीबाईच्या खोलीत. घरात मोठी तीच, चाब्या तिच्या कमरेले. एकत्र घरात तुहं-माहं काय करतं, म्हणे. बरं, नेला तं नेला, मी नवी नवरी, बोलली नाही. पन मंग तिनं घासलेटची चिंधी घेतली न घासून घासून तिन्ही पात्यांवरचं नाव पुसलं. मी ओसरीत तांदूळ निवडून राहिली होती, दारातून सगळं दिसत होतं, न तिलेही दिसत होतं का मी पाहून राहिली.

थांब, ऐक पुढं. पहिल्याच उन्हाळ्यात भाऊ मले न्यायले आला. ऊन असं का कुत्रं बाहेर निघत नव्हतं. बसवला कुठं? ओसरीत. न ती आत पंख्याखाली पसरलेली, दार सताड उघडं, पन आत ये म्हणून म्हटलं नाही. तेवढ्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला, न परसरामनं वर पाहिलं — पाती कोरी. मंग माह्याकडं पाहिलं. गडवाभर पानी पिला, चाल बाई म्हणून उठला. सायकलवर मागं बसवून चोरखमाऱ्याले घेऊन गेला. मंग पुन्हा कधी माह्या सासरच्या दारात आला नाही, बाबू. भाऊबीजेले मीच जात होती. गेला तेव्हाही मीच गेली.

मंग वाटे झाले, योगराज देवरीले गेला, तिले घेऊन गेला, न हा पंखा भंगारात टाकला. भंगारवाला माह्याच दारासमोरून चालला होता. हे पातं पाय, इथी वाकलं आहे, त्यावरून ओळखला. तांदूळ देऊन सोडवला न खाटेखाली ठेवला. हो, तेव्हापासून. घरकुल आलं तं पहिले हुक टाकला. तेव्हा ती येणार होती का? कुठं येणार होती. योगराजनं विचारलंही नव्हतं, मीच फोन केला, म्हटलं पाठव तिले, तुम्ही दोघं नोकरीवाले, तिच्याजवळ कोन बसते. लगेच हो म्हणाला. इथी तं मी मोकळीच आहे — पोरगी निशा लग्न होऊन गेली, निशाचे बाबा गेले, दिवसभर या भिंतींसंगं काय बोलू? ते जाऊ दे. वाइंडिंग नवी करून आणली, न पेंटरकडून तेच शब्द लिहून घेतले, खालच्या बाजूनं, ठळक. लाव बरं आता.

हं, फिरला. आता काही दिसते? काही नाही. बंद कर. पाय, पाय आता — पुष्पांजलीस. भाऊ परसराम. सप्रेम भेट. कळलं ना? हवा पाहिजे तं नाव दिसणार नाही, न नाव दिसन तेव्हा हवा नसन. न बटन माह्याजवळ. भर दुपारी बंद करीन. पड म्हणावं घामात न वाच. आता घेऊन दाखव घासलेट, हात पुरन का तिथवर?

काय? तू कुठं पाहिलं तिले? योगराजच्या घरी इन्व्हर्टर बसवला तू? बरं. मंग?

भिंत धरून चालते, म्हणजे?

दोन्ही डोळे?

मले नाही सांगतलं त्यानं. वय झालं, एवढंच म्हणाला.

उतर खाली. नाही, पंखा राहू दे, त्याले हात नको लावू. आठ वर्षं खाटेखाली ठेवला मी तो — नाही दिसत तं नाही दिसत. कान तं आहेत ना तिले? ऐकू येते ना? मंग मी वाचून दाखवीन. रोज दुपारी पंखा बंद करीन न एकेक पातं वाचीन, भावाचं नाव तिच्या कानात घालीन, तिनं माह्या मागून म्हटल्याशिवाय सोडणार नाही.

तो बोर्ड ठोकला का बाहेर? काढ. दारातून वाचलं तं तिले काय ऐकू जाईन. आत घे, खाटेजवळ, ती खुर्ची आहे ना, त्या खुर्चीच्या हाताशी. हो, मीच बसीन तिथी. गरम तं मलेही होईन. होऊ दे.

उरक लवकर, बाबू, बसची वेळ झाली. न शिडी घेऊन जाय.