टर्बोवरचा पिवळा ठिपका

माझ्या टर्बोवरच्या ठिपक्याचं तुम्हाला सांगितलंय का कधी?

माझी जुनी जपानी टर्बो स्पोर्ट्स कार घेऊन आम्ही नवरा-बायको गुडगावच्या जुन्या गाड्यांच्या शोला गेलो. परीक्षक एकेक बॉनेट उघडून मूळचं काय, बदललेलं काय ते बघत होते. मला घाम फुटला होता, कारण इंजिनाला जादा जोर देणारा तो टर्बो मूळचाच आहे याचा माझ्याकडे एकही कागद नव्हता.

त्यांनी टॉर्च मारला आणि थबकले. "ये पीला निशान देखिए. फैक्टरी इन्स्पेक्शन का है. टर्बो बिल्कुल ओरिजिनल."

मी हिच्याकडे बघितलं, तर ही आभाळाकडे बघत होती. चारच दिवसांपूर्वी दसऱ्याच्या पूजेत हिने तिथे हळदीचं बोट टेकवलं होतं, आणि ते पुसून टाक म्हणून मी भांडलो होतो.

शेजारी चड्ढाजींची अगदी तशीच गाडी होती. तिच्यावर ठिपका नाही म्हटल्यावर परीक्षकांनी शेरा मारला, "टर्बो बदला हुआ लगता है."

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. चड्ढाजींचा पडलेला चेहरा हिला बघवेना. जवळ जाऊन हळूच म्हणाली, "भाईसाहब, संडे को गाडी हमारे घर ले आइए. निशान मैं लगा दूँगी."