कॅमेऱ्याला न दिसलेला हात

नाही, तो फोन आधी बंद करा — रेकॉर्डिंग नको. लिहायचं तर वहीत लिहा. वंश, वर्ग आणि राजकारण — असंच ना तुमच्या प्रबंधाचं नाव? छान आहे. वरच्या मजल्यावरून साहेबांनी पाठवलंय म्हणजे चहाही झाला असेल. मग खाली काय राहिलं विचारायचं — मी? मी वायरी जोडते. एकोणीस वर्षं. तो यांत्रिक हात दिसतोय ना, त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंतची एकूण एक वायर मी ओवलीय. शिकवलं मात्र त्याला वरच्या इंजिनिअर पोरांनी — समोर माणसाचा हात आला की थांबायचं. कॅमेऱ्यापुढे महिनाभर स्वतःचे हात नाचवत बसले होते. गोरे, मऊ हात. तेवढ्यांनाच तो हात समजायला लागला.

आधी कुणाला कळलं म्हणता? कुणाला म्हणजे — मलाच. पहिल्याच आठवड्यात. पडलेला स्क्रू उचलायला गेले, तर हा आपला खाली येतोच आहे, येतोच आहे — ओढून घेतला हात म्हणून वाचले. बघा, हे माझे हात. आईसारखे आहेत, काळेभोर. साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, वेडंवाकडं बोलले नाहीत, हेही लिहा. म्हणाले, "बाई, पांढरे हातमोजे घालत जा, उद्घाटन झालं की बघू." मंत्री यायचे होते ना. मी घातले. तो थांबायला लागला. प्रश्न मिटला — माझा.

मान हलवू नका हो अशी. अपघातानंतर चौकशी समितीनेही अशीच हलवली होती, आणि लिहिलं काय, तर सफाईवालीने यंत्राभोवतीची पिवळी रेघ ओलांडली. ओलांडली, मग? रेघेपलीकडचा कचरा अलीकडे उभं राहून निघतो का? ती सफाईवाली माझी जाऊ. धाकटी. हात माझ्यासारखेच, काळे. मीच लावली होती तिला इथे. याच्याखाली तिची दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही. केस बांधायलासुद्धा आता लेक लागते तिला.

विचारा, विचारा — तिला हातमोजे का नव्हते? कारण कुणी दिले नाहीत. साहेबांनी नाही, कंत्राटदाराने नाही. खोकं माझ्या कपाटात होतं, हो, भरलेलं होतं. पण दिले असते तर तिने विचारलं असतं, कशाला — आणि सांगितलं असतं तर ती काय गप्प बसणारी आहे? सगळ्या बायकांना घेऊन वर गेली असती. आणि चाचणीच्या कागदावर तोवर माझी सही झाली होती — सर्व प्रकारच्या हातांवर तपासले म्हणून. त्याच दुपारी साहेबांनी मला त्यांच्या टेबलावर जेवायला बसवलं. म्हणाले, तुम्ही आमच्यातल्याच. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा — पाणीसुद्धा त्यांनीच ओतलं माझ्या पेल्यात —

हे लिहिलंत तुम्ही? खोडा. तसं नाही, वाचता येतंय अजून. तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, मोठ्या जाऊबाई तिच्यासाठी वर जाऊन भांडल्या. दवाखान्यात चांगल्या हाताने माझाच हात धरून बसली होती, सोडतच नव्हती.

पान फाडा आणि इथे ठेवा. जिना डावीकडे आहे. निघा.