डेनीसनं आणलेले पेढे

मी मूळची नागपूरची, बाबा गिरणीत, आम्ही सहा भावंडं, आणि त्यातली नर्सिंगला गेलेली मी पहिली, तीही राखीव जागेवर. हे आधीच सांगून टाकते, कारण इथं अमेरिकेत वीस वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नाही. मला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि माझ्या मैत्रिणीची आई पेढा हातात घेऊन म्हणाली, तुम्हाला काय बाई, तुमची सीट ठरलेलीच असते. पेढा तिनं खाल्ला नाही, कठड्यावर ठेवून दिला.

बरं, तर इथं ॲन आर्बरला मी हॉस्पिटलात, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, एकुलती एक केतकी. तिची मैत्रीण डेनीस, शेजारची काळी मुलगी, आई बस चालवायची, तिची शिफ्ट असली की पोरगी आमच्याकडेच जेवायची. मला काकू म्हणायची, वरणभात मागून घ्यायची. रिझल्ट लागला की पेढे वाटायचे, हे तिला मीच शिकवलेलं.

दोघींनी एकाच युनिव्हर्सिटीत अप्लाय केलं. केतकीला नकार आला. इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणाले, आपल्या पोरांच्या जागा रंग बघून त्यांना देतात हो, आणि काय सांगू तुम्हाला, मीसुद्धा मान हलवली. मी! तिसऱ्या दिवशी डेनीस दारात, बर्फ पडत होता, हातात पेढ्यांचा बॉक्स, आईला घेऊन पार लांबच्या इंडियन स्टोअरला जाऊन आणलेला. काकू, आय गॉट इन. आणि माझ्या तोंडून इंग्लिशमध्ये निघालं, तुला काय, तुझी सीट ठरलेलीच होती.

तिनं पोर्चच्या कठड्यावर बॉक्स नीट ठेवला आणि गेली. परत आली नाही. मागून केतकी म्हणाली, मॉम, हाऊ कुड यू. तिला तरी कुठं माहीत होतं, तिची आई कशी शिकली ते.

पुढे आमच्या मिशिगन राज्यात मतदान झालं, कॉलेजच्या प्रवेशात रंग बघायचा की नाही यावर. बघावा म्हणून मी मत दिलं, मंडळात बोलले नाही, आणि तसंही ती बाजू हरलीच. केतकीला माझ्या राखीव जागेचं सगळं सांगितलं. डेनीसकडे पेढे घेऊन गेले तर तिच्या आईनं दार उघडलं, नो थँक यू म्हणाली आणि हळूच लावून घेतलं.

आता कुणाचेही पेढे आले की मला घशाखाली उतरत नाहीत. हातात धरले की हात नागपूरच्या त्या बाईचा वाटतो, खरंच सांगते, बांगड्यासुद्धा तिच्याच दिसतात.

सुखात राहा गं पोरी, जिथं असशील तिथं. तुझी सीट तुझी होती. माझीपण माझीच होती, एवढं त्या दिवशी म्हणाले असते तर तू आत येऊन जेवली असतीस.